दोह्याहून खोर अल अदैदच्या वाळूच्या टेकड्या: एका दिवसाच्या सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कतारमध्ये राहणारे, त्यांच्याकडे भारतातून आलेले पाहुणे आणि दोह्यात विमान बदलणारे प्रवासी जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. स्वतः गाडी चालवणार नसाल तर ७ ते ११ हे प्रश्न सोडून दिलेत तरी चालेल. चालवणार असाल तर मात्र ९ वा प्रश्न वाचल्याशिवाय निघू नका.

१. सीलाइन, मेसईद, इनलँड सी, खोर अल अदैद ही सगळी एकाच जागेची नावं आहेत का?

नाही. दोह्यातून दक्षिणेला निघालात की आधी अल वकरा लागतं, मग मेसईद हे औद्योगिक शहर आणि त्यानंतर सीलाइनचा किनारा. दोह्यापासून इथवर साधारण तासाभराचा डांबरी रस्ता आहे आणि तो इथेच संपतो. पुढे २५-३० किलोमीटर नुसती वाळू, आणि त्या वाळूच्या शेवटी खोर अल अदैद. समुद्राचं पाणी एका अरुंद वाटेने वाळवंटात शिरून तिथे पसरट, उथळ खाजण तयार झालं आहे. त्यालाच लोक इनलँड सी म्हणतात. पलीकडच्या काठाला सौदी अरेबिया लागतो. हा भाग संरक्षित आहे, आणि २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीतही आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की सीलाइनपर्यंत कुठलीही गाडी जाते, खोरपर्यंत फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी. सहल ठरवताना ‘डेझर्ट सफारी’ एवढ्यावर समाधान मानू नका. गाडी खोरच्या पाण्यापर्यंत जाणार की सीलाइनच्या टेकड्यांवर दोन गिरक्या मारून परत फिरणार, हे स्पष्ट विचारा.

२. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा मध्य ते मार्चअखेर. जानेवारीत दुपारचं तापमान २२ अंशांच्या आसपास असतं, रात्री १३-१४ पर्यंत उतरतं आणि वाऱ्यामुळे त्याहून गार वाटतं. ‘वाळवंटात कसली थंडी’ म्हणून नुसत्या टी-शर्टवर आलेले पाहुणे सूर्य मावळल्यावर गाडीतून बाहेर यायला तयार नसतात. पातळ जॅकेट हवंच.

दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांसाठी: ऑक्टोबरअखेर दुपारी अजून ३३-३५ अंश असतात. जाता येतं, पण ऊन जरा कलल्यावर. जून ते सप्टेंबर टाळाच. नुसता घाम निघतो म्हणून नव्हे, तर गाडी बंद पडली आणि मदत यायला दोन तास लागले, तर तेवढ्यात माणसाच्या जिवावर बेततं.

महिन्याइतकाच वाराही पाहा. हवामानाच्या ॲपवर वारा ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त दिसला तर बेत पुढे ढकला. त्या दिवशी फोटोत धूर दिसतो, डब्यात वाळू आणि डोळ्यांत कुसळं.

३. सकाळी जावं की दुपारी?

दुपारी. सूर्यास्ताच्या तीन-साडेतीन तास आधी सीलाइनला पोहोचाल असं निघा. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे दोह्यातून साडेबाराच्या आत निघायला हवं. बहुतेकांचं इथेच चुकतं. मुंबई-पुण्याच्या हिशोबाने सहा वाजेपर्यंत उजेड धरतात आणि जेवून दोनला निघतात.

सकाळी जायला हरकत नाही, गर्दी कमी असते. पण हिवाळ्यात पहाटे मेसईदच्या बाजूला दाट धुकं पडतं, म्हणून सातच्या आधी वाळूत शिरू नका. भर दुपारी बारा ते दोन ही गाडी चालवायला सगळ्यात वाईट वेळ. सूर्य डोक्यावर असला की सावल्या पडत नाहीत, सगळी वाळू एकसारखी पिवळट दिसते आणि पुढे सपाटी आहे की वीस फुटांचा उतार, हे कळतच नाही. तिरप्या उन्हात प्रत्येक कडा रेघेसारखी उठून दिसते.

४. टूरवाल्याची गाडी घ्यावी की स्वतःची न्यावी?

पहिल्यांदा जात असाल तर टूरवाल्याची. चार तासांच्या सहलीत हॉटेलवरून नेणं-आणणं, सीलाइनला टायरची हवा कमी करेपर्यंत उंटावर बसण्याचा थांबा, टेकड्यांवरची चढउतार आणि खोरच्या काठावर अर्धा-पाऊण तास, एवढं सगळं बसतं. खासगी सहलीचा दर बहुतेक ठिकाणी गाडीमागे असतो, त्यामुळे चार-पाच जण मिळून गेलं की परवडतं.

ठरवताना तीन गोष्टी पक्क्या करा: प्रत्येक सीटला चालू पट्टा आहे का, गाडीत किती माणसं बसवणार, आणि सोबत दुसरी गाडी असणार का. तिसऱ्या ओळीत मोठी माणसं बसवू नका, तिथे डोकं छताला लागतं.

स्वतःची गाडी न्यायची तर कमीत कमी दोन गाड्या, आणि दोन्ही वाळूत चालणाऱ्या. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. फोर बाय फोर दिली म्हणजे वाळूत न्यायची परवानगी दिली असं होत नाही. डांबराबाहेर झालेलं नुकसान बहुतेक विम्यांत येत नाही, आणि गाडी ओढून आणायचा खर्च तुमच्याच माथी बसतो.

५. आमच्याकडे एसयूव्ही आहे. ती चालणार नाही का?

बॉडी एसयूव्हीची असली तरी खाली काय आहे ते पाहा. लो रेंज गिअर (कमी वेगात जास्त ताकद देणारा), जमिनीपासून चांगली उंची आणि चारही चाकांना खरी ताकद हवी. लँड क्रूझर, निसान पॅट्रोल, प्राडो, पजेरो, फोर बाय फोर फॉर्च्युनर या गाड्या इथे सर्रास दिसतात. शहरी एसयूव्हीची ऑल व्हील ड्राइव्ह पावसाळी रस्त्यासाठी असते. भुसभुशीत वाळूत तिचा क्लच किंवा गिअरबॉक्स तापतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ताकद चारांवरून दोन चाकांवर येते, तीही नेमकी चढाच्या मध्यावर.

कोकणात काशीदला किंवा मुरुडला पुळणीवर गाडी चालवली आहे, हा अनुभव इथे धरू नका. ओली वाळू घट्ट असते. इथली कोरडी वाळू पायाखालून सरकते.

६. गाडीच नाही. मेट्रो, टॅक्सीने जमेल का?

सीलाइनपर्यंत जमेल. मेट्रोची रेड लाइन अल वकऱ्याला संपते, तिथून पुढे टॅक्सी. येताना मात्र तिथे टॅक्सी मिळेलच असं नाही, त्यामुळे त्याच चालकाशी परतीचं ठरवून ठेवा. डांबराला लागून असलेल्या टेकड्या पायी चढता येतात, पैसे पडत नाहीत आणि लहान मुलांना तेवढं पुरतं. चढताना तिरकं आणि कडेकडेने जा, तिथली वाळू जरा दबलेली असते. तीव्र उताराच्या अगदी पायथ्याशी मुलांना बसवू नका. वरून येणाऱ्या गाडीवाल्याला खालचं काही दिसत नाही.

खोरपर्यंत टॅक्सी जात नाही. सीलाइनला उभ्या असलेल्या गाडीवाल्याशी तिथल्या तिथे सौदा करून पुढे जाणारे आहेत, पण पट्टे आणि विम्याबाबत कुणी विचारत नाही. आम्ही तो सल्ला देणार नाही.

विमान बदलतानाच्या थांब्यात जायचं असेल (मुंबई, नागपूर, गोव्याहून येणारे हे बरेचदा विचारतात) तर हातात किमान नऊ तास हवेत. हमद विमानतळ शहराच्या दक्षिण अंगालाच आहे, त्यामुळे सीलाइन तिथून पाऊण-एक तासावर. पण इमिग्रेशन, चार तासांची सहल आणि परत सुरक्षा तपासणी यात सात तास सहज जातात. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, तिकीट काढतानाच कतारच्या व्हिसाच्या हय्या पोर्टलवर पाहून घ्या.

७. टायरमधली हवा किती कमी करायची? आणि का?

रस्त्यावर ३५ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) असेल तर वाळूत १५ ते १८. जड गाडी, पाच माणसं, सामान असेल तर १८ पासून सुरू करा आणि चाकं घसरायला लागली तर १५ वर या. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत घुसण्याऐवजी वर तरंगतं. वाळूत अडकलेल्या दहातल्या बहुतेक गाड्यांचं दुखणं इंजिनात नसतं, टायरमध्ये असतं. २५ वर ‘भागेल’ म्हणून निघालेले पहिल्याच चढावर बसतात.

चारही चाकांत सारखी हवा ठेवा आणि मीटरने मोजा, डोळ्याने नाही. १२ च्या खाली फक्त रुतलेली गाडी काढण्यापुरतं जा. दहाच्या आसपास झटकन स्टिअरिंग वळवलं तर टायर रिमवरून निसटतो, आणि तो परत बसवणं वाळूत बसून करायचं काम नव्हे.

परतताना डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा ३५ करा. कमी हवेचा टायर हायवेच्या वेगाला बाजूने सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. सीलाइनला हवा भरून देणारी दुकानं आहेत, पण शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी रांग लागते. स्वतःचा कॉम्प्रेसर असेल तर एका टायरला पाच ते दहा मिनिटं धरा. तो थेट बॅटरीला जोडणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप दुसऱ्या टायरलाच फ्यूज उडवतो.

८. टेकडीवर गाडी चढवायची-उतरवायची पद्धत काय?

सरळ चढा, सरळ उतरा. उतारावर आडवी गेलेली गाडी उलटते, बाकी सगळे नियम याच्या नंतरचे.

चढताना ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू नये म्हणून गाडीत असलेली यंत्रणा) बंद ठेवा, नाहीतर चाक जरा घसरलं की तोच इंजिनाची ताकद कापतो. वेग पायथ्याशीच घ्या. चढाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दाबून नुसते खड्डे पडतात. माथ्याजवळ पाय हलका करा, पलीकडे काय आहे ते दिसेपर्यंत. गाडी अर्ध्यात थांबली तर वळवू नका. रिव्हर्स टाका आणि आल्या चाकोरीतून सरळ मागे या.

उतरताना लो रेंजमध्ये पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेकवर पाय नाही. मागचा भाग बाजूला घसरायला लागला तर ब्रेक दाबावासा वाटतो आणि तिथेच घात होतो. त्या क्षणी किंचित ॲक्सिलरेटर द्या आणि तोंड उताराच्या दिशेला करा, गाडी आपोआप सरळ होते.

थांबायचं तेव्हाही ब्रेक मारून थांबू नका, चाकापुढे वाळूचा ढीग जमतो आणि निघताना तोच अडवतो. पाय काढून घ्या, गाडी स्वतः थांबू द्या, आणि तोंड जरा उताराला असेल अशी जागा निवडा.

९. जाताना गाडी आरामात गेली, येताना त्याच टेकड्या चढेनात. असं का होतं?

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, आणि जवळजवळ नेहमी अंधार पडल्यावर, वाळूतून.

कतारमध्ये वर्षातला बराच काळ उत्तर-वायव्येकडून शमाल वारा वाहतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला टेकडीची पाठ लांब आणि सौम्य असते, वाळूही दाबून बसलेली. माथ्यापलीकडे, म्हणजे दक्षिण-आग्नेयेला, वाळू घरंगळून पडते. तिथला उतार ३० ते ३४ अंशांचा, अगदी मोकळ्या वाळूचा. कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकतच नाही. इथल्या मोठ्या टेकड्या ४० मीटरपर्यंत उंच आहेत आणि बऱ्याचशा चंद्रकोरीच्या आकाराच्या. कोरीची दोन टोकं वारा जातो त्या दिशेला.

आता सीलाइनहून खोरला जाताना तुम्ही दक्षिणेला जाता. प्रत्येक टेकडीची सौम्य पाठ चढता आणि तीव्र बाजूने खाली घसरता. मजा येते, आत्मविश्वास वाढतो. परतताना तोंड उत्तरेला. आता समोर प्रत्येक वेळी ३२ अंशांची भिंत, आणि ती कुठलीच गाडी चढत नाही, इंजिन कितीही मोठं असो.

त्यातला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे खळगा. एका टेकडीच्या तीव्र उतारावरून खाली आलात, पुढे दुसरी टेकडी, दोन्ही बाजूंना कोरीची टोकं. मागे जाता येत नाही आणि पुढची टेकडी चढलात तर आणखी दक्षिणेला, घरापासून लांब. म्हणून:

एखाद्या तीव्र उतारावरून उतरण्याआधी माथ्यावर गाडी थांबवा, खाली उतरून चालत पुढे जा आणि खालून बाहेर पडायची वाट डोळ्याने पाहा. दिसली नाही तर उतरू नका. परतीचा रस्ता टेकड्यांवरून नसतोच, तो टेकड्यांमधल्या सपाट पट्ट्यांतून आणि कोरीच्या टोकांना वळसा घालून असतो. जाताना फोनवर जीपीएस ट्रॅक सुरू ठेवा, पण तो जसाच्या तसा उलट वापरता येणार नाही हे लक्षात ठेवा. निदान तासभर उजेड शिल्लक असताना खोरहून निघा. सूर्यास्त पाहायचाच असेल तर सीलाइनच्या जवळच्या टेकडीवरून पाहा, तो तिथूनही तेवढाच चांगला दिसतो.

पेट्रोलचंही तसंच. वाळूत गाडी रस्त्याच्या जवळपास दुप्पट पिते, आणि परतीला वळसे घालावे लागतात. मेसईद ओलांडण्याआधी टाकी पूर्ण भरा.

१०. किनाऱ्याकिनाऱ्याने परत आलं तर टेकड्या टाळता येतात ना?

येतात, पण भरती पाहून. पूर्व किनाऱ्यावर काही टेकड्या थेट समुद्रात उतरतात. ओहोटीला पायथ्याशी घट्ट ओल्या वाळूची पट्टी मोकळी होते, भरतीला ती पाण्याखाली जाते. मध्ये सापडलात तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळूची भिंत. भरतीची वेळ दोह्याची किंवा मेसईदची पाहा. खाजणाच्या आतली भरती त्याहून उशिरा येते, कारण पाण्याला अरुंद वाटेतून आत शिरायला वेळ लागतो. त्यामुळे खोरच्या काठावर पाणी ओसरलेलं दिसतंय म्हणून बाहेरचा किनाराही मोकळा असेल, असं समजू नका.

दुसरा धोका सबख्याचा. ही सपाट, करडी-पांढरी, मिठाची खपली धरलेली जमीन. वरून इतकी गुळगुळीत की टेकड्यांतून थकून आलेल्या चालकाला हायवेच वाटावा. खपलीखाली मात्र चिखल असतो. गाडी त्यात पोटापर्यंत बसते, आणि इथे टायरची हवा कमी करून फारसा फरक पडत नाही. रुळलेली चाकोरी सोडू नका. रंग गडद किंवा ओलसर दिसला तर लांबून वळसा घाला. कतारमध्ये वर्षाला जेमतेम ७५ मिलिमीटर पाऊस पडतो, पण पडला की पुढचे कित्येक दिवस सबखा मऊ राहतो. सबख्यात फसलेल्या गाडीच्या मदतीला दुसरी गाडी जवळ नेऊ नका, तीही बसते. लांब दोर घ्या आणि घट्ट जमिनीवरून ओढा.

११. गाडी रुतली. आता काय करायचं?

पहिलं काम म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढणं. चाक एक फेरा फिरलं की गाडी आणखी खाली. पाच सेकंदांचा हट्ट पुढे तासभर फावडं चालवायला लावतो.

सगळ्यांना खाली उतरवा आणि पोट टेकलंय का ते वाकून पाहा. टेकलं नसेल तर चारही चाकांच्या मागची वाळू हाताने किंवा फावड्याने उताराच्या आकारात काढा, हवा १२ पर्यंत आणा, आणि रिव्हर्समध्ये आल्या चाकोरीतून मागे या. ती वाळू तुमच्याच चाकांनी दाबलेली असते, म्हणून पुढे जाण्यापेक्षा मागे येणं सोपं. पोट टेकलं असेल तर आधी पोटाखालची वाळू काढा. चाकं हवेत असताना बाकी सगळं व्यर्थ आहे. रुतलेल्या गाडीसाठीचे प्लास्टिकचे पाट असतील तर ते चाकाखाली तिरके, दात वर करून खुपसा. नसतील तर गाडीतली रबरी मॅट चालते, पण ती मागच्या बाजूला जोरात भिरकावली जाते, तिथे कुणी उभं राहू नये.

दुसऱ्या गाडीने ओढताना दोर चासीच्या हुकाला किंवा मजबूत टो पॉइंटला लावा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. ताणलेल्या दोराच्या दोन्ही बाजूंना दोराच्या लांबीइतकं अंतर मोकळं ठेवा.

अर्ध्या तासात जमलं नाही तर फोन करा. सीलाइनला ओढून काढणारे गाडीवाले असतात, पैसे आधी ठरवा. जिवाला धोका असेल तर ९९९. कुणीही मदत आणायला चालत निघू नये. वाळूत एकटा माणूस वरून दिसत नाही, गाडी दिसते.

१२. आई-बाबा भारतातून आले आहेत, बाबांची पाठ दुखते. त्यांना नेता येईल का?

खोर दाखवता येईल, ड्यून बॅशिंग, म्हणजे टेकड्यांवर जोरात गाडी चढवणं-उतरवणं, नको. चालकाला निघतानाच सांगा, ‘टेकड्या नको, सपाटीने न्या.’ हिंदी-उर्दू बहुतेकांना येते. पाठीचं किंवा मानेचं दुखणं, अलीकडची शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडं, गरोदरपण आणि अगदी तान्हं बाळ, यांपैकी काहीही असेल तर हेच लागू. प्रत्येक टेकडी उतरल्यावर तळाशी जो दणका बसतो, तो थेट कमरेच्या मणक्यावर येतो. सीटचा पट्टा त्याला अडवत नाही.

ग्रुपच्या गाडीत बसवलं तर बाकीचे चार जण ‘और जोर से’ म्हणणारच. त्यांच्यासाठी वेगळी गाडी घ्या. गुडघे धरत असतील तर गाडीत चढायला छोटं स्टूल ठेवा, लँड क्रूझरची पायरी उंच असते.

लहान मुलांची सीट टूरवाल्याकडे सहसा नसते. स्वतःची न्या आणि ती दुसऱ्या ओळीत बसवा.

१३. मला गाडी लागते. काही उपाय?

पुढच्या सीटवर बसा आणि नजर लांब ठेवा, फोनकडे नाही. उलटीची गोळी घ्यायची तर सहल सुरू व्हायच्या तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. बिर्याणी खाऊन निघणाऱ्यांचं काय होतं ते चालकांना विचारा. आलेपाक खिशात असू द्या. थांबा म्हणायला लाजू नका, चालकाला गाडी धुण्यापेक्षा थांबणं परवडतं.

१४. क्वाड बाइक (चार चाकांची, वाळूवर चालणारी बाइक) सुरक्षित आहे का?

सगळ्या सहलीत जास्त अपघात याच गोष्टीत होतात. हिवाळ्यातल्या कॅम्पिंगच्या हंगामात सीलाइनला हमद मेडिकल कॉर्पोरेशनचं तात्पुरतं क्लिनिक असतं, त्यावरून काय ते समजा. हेल्मेट आणि बूट हवेतच. मुलाला पुढे बसवून चालवू नका. कड्याच्या माथ्यावर वेगाने जाऊ नका, पलीकडून दुसरा त्याच वेगाने येत असतो.

१५. खायला-प्यायला काय न्यावं?

पाणी माणशी ३ लिटर, शिवाय प्रत्येक गाडीत १० लिटर राखीव. खोरच्या काठावर दुकान नाही. दशम्या, धपाटे, पुरी-भाजी, जानेवारीत गूळपोळ्या, असं एका हातात धरून खाता येईल ते न्या. भेळ नको. पहिल्या झुळकीला चुरमुरे सौदीच्या दिशेला निघतात.

चटई टेकडीच्या माथ्यावर अंथरू नका. वाऱ्याने उडणारी बहुतेक वाळू गुडघ्याच्या खालूनच उड्या मारत जाते, म्हणजे नेमकी तुमच्या ताटाच्या उंचीवरून. घडीच्या खुर्च्या नेल्या की अर्धं काम झालं.

शेगडी पायावर उभी असलेली न्या, निखारे थेट वाळूवर टाकू नका. वाळू वरून ढकलून ते ‘विझवणं’ ही सगळ्यात घातक सवय. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगत राहतात आणि नंतर अनवाणी पळणाऱ्या पोराचा पाय त्यात जातो. पाणी ओतून, ढवळून, गार झाले की पिशवीत भरून परत आणा. कचराही.

१६. खोरमध्ये पोहता येतं का?

आतल्या उथळ काठावर पाय भिजवणं, डुंबणं ठीक. जिथून समुद्र आत येतो त्या अरुंद वाटेत उतरू नका. भरती-ओहोटीच्या वेळी ओढ जोरदार असते, जीवरक्षक नाहीत. उथळ पाण्यात पाय उचलून नव्हे, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट आधीच दूर होतो. अंगभर कपडे असलेले बरे. संरक्षित भागात शंख, पक्ष्यांची अंडी, काहीही उचलून आणू नका.

१७. मोबाइलवर अचानक ‘सौदीत स्वागत आहे’ असा मेसेज आला. आम्ही हद्द ओलांडली का?

बहुधा नाही. पलीकडचा काठ सौदीचा असल्याने फोन तिथला टॉवर पकडतो. रोमिंग बंद करून ठेवा आणि नकाशा आधीच डाउनलोड करा, काही खळग्यांत कुठलंच नेटवर्क नसतं. मात्र खोरच्या नैर्ऋत्येला सीमेच्या जवळ भटकू नका, आणि सीमेवरच्या चौक्या, तटरक्षक दल, मेसईदचे कारखाने यांचे फोटो काढू नका. ड्रोनला परवानगी लागते, नसेल तर घरीच ठेवा.

१८. शुक्रवारी किंवा रमजानमध्ये गेलं तर?

शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी, साधारण साडेअकरा ते एक, बरीच दुकानं बंद असतात. पेट्रोल, हवा, पाणी याची सोय त्याआधी करा. रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक जागी खाणं-पिणं टाळायचं असतं, उघडा किनाराही त्यातच येतो. इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या तासात रस्त्यावर सगळे घाईत असतात, तेव्हा हायवेवर नसलात तर उत्तम.

१९. दोह्याजवळच्या ‘गाणाऱ्या’ टेकड्या याच का?

नाही, त्या दोह्याच्या नैर्ऋत्येला, साधारण ४० किलोमीटरवर आहेत. वाळू घसरत असताना तिथे घुमल्यासारखा आवाज येतो, पण वाळू अगदी कोरडी हवी. दमट दिवशी किंवा पावसानंतर काही ऐकू येत नाही. एका दिवसात दोन्ही करायचा अट्टहास नको.

२०. परत आल्यावर गाडीचं काय काय पाहायचं?

डांबरावर येण्याआधी पुढची-मागची नंबर प्लेट जागेवर आहे का ते पाहा. तीव्र उताराच्या तळाशी नाक वाळूत घुसलं की पुढची प्लेट हमखास तिथेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी शोधायला गेलात तर ती वाळूखाली गेलेली असते. चाकांच्या आतल्या बाजूला साचलेली वाळू झटका, नाहीतर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट बिघडली म्हणून गॅरेज गाठतात. ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा सुरू करा.

एक-दोन दिवसांत गाडी खालून धुऊन घ्या. समुद्राच्या पाण्यात किंवा सबख्यात चाकं गेली असतील तर त्याच दिवशी, कारण मीठ ब्रेकच्या पाइपांना आणि सायलेन्सरला धरतं. एअर फिल्टर काढून झटका, केबिनचा फिल्टरही. ब्रेक दाबल्यावर करकर आवाज येत असेल तर पहिले काही किलोमीटर ते वाळूचे कण असतात. दोन दिवसांनीही आवाज राहिला तर चाक काढून पॅडच्या मागे खडा अडकलाय का ते दाखवून घ्या.